न बुडालेली नायिका

हॉलिवूडमधल्या मूकपट जतन मंडळाकडे हरवलेल्या चित्रपटांची अधिकृत यादी होती आणि तीत 'दीपगृहातली नवरी'चा मान पहिला होता. स्टुडिओने चांदी काढायला जुन्या फिती वितळवल्या त्यातच ती गेली, असा मंडळाचा ठराव होता. असं असताना ऐंशी वर्षांच्या ऑटिली ब्रँडवोल्डबाईंनी तिचे सहाही डबे आणून टेबलावर ठेवले, हा निव्वळ आगाऊपणा होता.

बाई त्याच चित्रपटाच्या नायिका. डोळे नाताळपर्यंत टिकले तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी आपला विशीतला चेहरा एकदा पडद्यावर बघायचा, एवढीच हौस. जुनी फीत भसकन पेट घेते, ती सुखरूप चालवणारं यंत्र मंडळाकडेच होतं.

"हरवलेला चित्रपट आम्हाला जमा करून घेता येत नाही," सचिव प्रुइट म्हणाले.

"अरे, पण हा काय, सापडलाय ना?"

"सापडल्याचा दाखला तज्ज्ञ देतात, बाई."

तज्ज्ञ म्हणजे प्राध्यापक हॅलोरन. न पाहिलेल्या या चित्रपटावर त्यांचे तीन ग्रंथ होते.

"शेवटी नायिका समुद्रात बुडते. बरोबर?"

"छे हो, मी कशाला बुडतेय? कोळ्याशी लग्न करते. पाणी गार होतं, मी साफ नाही म्हटलं."

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. "माझा अख्खा तिसरा ग्रंथ त्या बुडण्यावर आहे."

"मग आता बुडू का?"

डबे न उघडताच अहवाल झाला: सदर चित्रपट उपलब्ध संशोधनाशी जुळत नसल्याने बनावट. बनावट ज्वालाग्राही माल ठेवायची सोय नसल्याने अग्निशमन दलाने तो दुसऱ्या दिवशी नियमानुसार जाळला. बाईंना पोच मिळाली. ती हातात घेऊन त्या बाकावर बसून रडल्या.

नाताळाच्या आठवड्यात मंडळाने हरवलेल्या कलाकृतीला मानवंदना दिली. रिकामा पडदा, सोबत पियानो, सत्तर मिनिटं. बाई तिकीट काढून गेल्या. शेवटाकडे सगळं सभागृह मुसमुसत होतं.

"काय बुडाली हो," शेजारीण डोळे टिपत म्हणाली. "अशा नट्या आता कुठे?"

"ती मीच," बाई म्हणाल्या.

"शू. बघू द्या ना जरा."

वाचकहो, चित्रपट जळाल्याची हळहळ तुम्हालाही वाटली असेल. बाई अजून मंडळामागच्याच गल्लीत राहतात. आता दिसत नाही, पण सगळे प्रसंग तोंडपाठ आहेत, कोणी आलं तर करूनही दाखवतात. अजून कोणी गेलेलं नाही.