लाल दिव्यातलं ग्रंथालय

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, व्यवस्थितपणा शिकावा तर माझ्याकडून! कचेरीतल्या रेकॉर्ड विभागात मी डोळे मिटून हवी ती फाईल काढतो. त्यामुळे आमच्या हौशी आकाशनिरीक्षक मंडळाचं ग्रंथालय माझ्या हाती आलं, तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही.

ग्रंथालय म्हणजे एक कपाट. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्याच्या गच्चीवर आमच्या दुर्बिणी लागतात आणि गच्चीलगतच्या खोलीत हे कपाट असतं. चंद्र, धूमकेतू, जोडतारे, ग्रहणं, सगळं त्यात आहे. पण सभासद येतात ते थेट दुर्बिणीला डोळा लावायला. कपाटाकडे कुत्रं फिरकत नाही! माझा मात्र त्या पुस्तकांवर फार जीव. दार उघडलं की जुन्या कागदाचा वास येतो आणि दिवसभराचा शीण उतरतो.

अशात चष्मेवाल्यांनी सुरुंग लावला. यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि मंडळातल्या सगळ्या दुर्बिणींवर त्यांचाच हक्क, निदान त्यांच्या मते.

"नवी मोठी दुर्बीण ठेवायला जागा हवी," ते गरजले. "कपाट काढा! पुस्तकं रद्दीत घाला!"

रद्दीत! मी कपाटाला पाठ लावून उभा राहिलो.

डॉक्टर मवाळ माणूस. ते म्हणाले, "पुढच्या सभेपर्यंत सभासदांनी पुस्तकं नेली आणि खरंच वाचली, तर कपाट राहील. नाहीतर दुर्बीण."

"बघाच तुम्ही!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "यादी नको, शोधाशोध नको. नाव सांगा, पुस्तक हातात!"

सगळी पुस्तकं पिशव्यांत भरून मी घरी आणली. जेवणाच्या टेबलावर ढीग घातला आणि एकेकाला शुभ्र पांढरं कव्हर घालत सुटलो. कण्यावर ठसठशीत लाल शाईनं नाव. लाल का? तर लांबून उठून दिसावं म्हणून! बायको दोनदा डोकावली.

"अहो, टेबलावर माझीही पुस्तकं आहेत हं."

"हं," मी म्हणालो. हात चालूच. माझी तंद्री लागली की समोर काय आहे हे मी बघत नाही, फक्त कव्हर घालतो. मग टेबलावरचा सगळा ढीग पिशव्यांत भरून परत कपाटात लावला.

आता आमच्या मंडळाचा एक कडक नियम सांगतो. निरीक्षण चालू असताना पांढरा दिवा लावायचा नाही! अंधाराला सरावलेले डोळे एका झटक्यात दिपतात आणि पुन्हा सरावायला बराच वेळ जातो. म्हणून लाल कागद गुंडाळलेला मिणमिणता दिवा तेवढा चालतो. कुणी पांढरा दिवा लावला तर चष्मेवाले त्याला गच्चीवरून खालीच टाकतील.

ठरलेल्या संध्याकाळी धूमकेतू दिसणार होता आणि तोही लवकर मावळणारा. सगळे लोटले. धूमकेतूवरचं पुस्तक, दुर्बिणीवरचं पुस्तक, मागण्या सुरू झाल्या. मी ऐटीत कपाट उघडलं, लाल दिवा वर धरला.

कपाटात पुस्तकं होती. पांढरी, स्वच्छ, कोरी! एकाही कण्यावर एक अक्षर नाही. लाल उजेडात माझी लाल शाई गडप झाली होती!

"लवकर हो!" मागून चष्मेवाले. "धूमकेतू टेकला मावळायला!"

पुस्तक उघडून आतलं नाव बघावं, हे मला आता सुचतंय. त्या वेळी डोक्यात एकच, की कबूल केलं तर कपाट गेलं! मग काय, हाताला येईल ते उचललं आणि देत सुटलो.

"घ्या डॉक्टर, तुमचे जोडतारे! बाई, हे तुमचं चंद्रावरचं! चष्मेवाले, दुर्बिणीची निगा!"

काखेत मारून सगळे दुर्बिणीकडे पळाले. कपाट जवळजवळ रिकामं! मी शीळ घालतच घरी गेलो.

दारातच बायको. "माझी पुस्तकं कुठे आहेत?"

"कोणती?"

"घोरण्यावरचं. रागावर ताबा मिळवायचं. नवऱ्याला वळण कसं लावावं ते. सगळी तुमच्यासाठीच आणलेली! आणि कपडे धुवायच्या यंत्राची माहितीपुस्तिका."

ती सगळी आता पांढऱ्या कव्हरात, सभासदांच्या घरी!

सकाळीच डॉक्टरांचा फोन आला. आवाज पडलेला. "खरं सांगा, हिनं तुमच्याकडे तक्रार केली ना? मी घोरतो म्हणून?"

"नाही हो डॉक्टर, ती शाई लाल..."

"बाहेर बोभाटा केलास म्हणून मी हिला बोललो. आता ती माझ्याशी बोलत नाही!"

फोन ठेवतो तोच भूगोलाच्या बाईंचा आला. शाळेतून निवृत्त झालेल्या, आजन्म अविवाहित. "माझं लग्न जुळवायला निघालात की काय?" एवढंच म्हणून त्यांनी फोन आपटला.

दुपारी चष्मेवाले थेट कचेरीत! माझ्या टेबलावर मूठ आदळून ओरडले, "मला राग येतो? मला?" चार फायली खाली पडल्या. अख्खा विभाग उभा राहून बघत होता. "सभेत बघतो तुला आणि तुझ्या कपाटाला!"

लाल दिवा, लाल शाई, मी जीव तोडून सांगितलं. कुणाला पटेना! मीच एकेकाला हेरून पुस्तक दिलं, असाच सगळ्यांचा समज. ती यंत्राची पुस्तिका मंडळातल्या बेकरीवाल्यांकडे गेली असणार, पण त्यांना फोन करायची तर हिंमतच झाली नाही.

सभेला मी पडल्या चेहऱ्यानं गेलो. बायकोही बरोबर आली, पुस्तकं परत घ्यायला. कपाटाकडे मला बघवेना. उद्या मंडळाची सगळी पुस्तकं रद्दीवाल्याच्या तराजूत जाणार!

चष्मेवाले उभे राहिले. मी डोळे मिटले. काहीच ऐकू येईना, म्हणून उघडले, तर ते शांतपणे पेलाभर पाणी पीत होते!

"पुस्तकात सांगितलंय, आधी पाणी प्यायचं आणि मग बोलायचं," ते म्हणाले. "आठवडाभर दुकानात एकाही गिऱ्हाइकाशी भांडलो नाही. कपाट काढायचं नाही!"

डॉक्टर लाजत म्हणाले, "मी कुशीवर झोपतो आता. ही पुन्हा बोलायला लागली."

"मला दुसरा भाग हवा," बाई म्हणाल्या.

"पण बाई, तुमचं तर लग्नच..." कुणीतरी चाचरलं.

"म्हणूनच! मी काय काय टाळलं ते पहिल्यांदा कळलं!"

बेकरीवाल्यांनी तर घरचं बंद पडलेलं यंत्र पुस्तिका वाचून सुरू केलं होतं! ठराव एकमतानं पास झाला, कपाट राहणार! आनंदानं मी खुर्चीवरून उडालोच. आभाराचं भाषण करायला उभाही राहिलो.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "दुसरा ठराव आहे. इतकी उत्तम पुस्तकं ज्यांनी निवडली, त्या वहिनी आजपासून ग्रंथपाल."

टाळ्यांचा कडकडाट! बायकोनं माझ्या हातातून किल्ली घेतली. "आणि हो," ती सभेला म्हणाली, "यांना कपाटाला हात लावू देऊ नका."

तेही एकमतानं पास.

सभा संपली, बाहेर अंधार पडला. सगळे कपाटाभोवती रांग लावून उभे, पुस्तकं मागताहेत! मी गच्चीत एकटा. दुर्बिणीपाशी कुत्रं नव्हतं. चष्मेवाल्यांना माझी दया आली असावी. पाणी पिऊन ते माझ्याजवळ आले.

"या, लावा डोळा. पहिल्यांदाच बघताय की काय?"

"छे! काहीतरीच!" मी म्हणालो आणि वाकलो.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? इतकी वर्षं मंडळात आहे, पण कपाटासमोरून कधी हललोच नव्हतो. चंद्र दिसला हो! खड्डे, डोंगर, सगळं! अगदी पुस्तकातल्यासारखा!