खुर्ची पाण्यात लोटली त्याची हकिगत

सर्रर्र, आणि मग धप्प. लहानपणी पहाटे मला हा आवाज उठवायचा. बापाची होडी तेल लावलेल्या फळ्यांवरून सरकत समुद्रात शिरायची, तिचा तो आवाज. परवा तो मला नेमका आठवला. आठवला नसता तर बरं झालं असतं, असं आता आमचं सगळं राजोडी गाव म्हणतं.

झालं असं. एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमधून मनोरमाबाई आल्या. निवृत्त झाल्यापासून त्या मासिकात लिहितात. म्हाताऱ्यांना कुठल्या समुद्रापर्यंत जाता येतं, कुठे पायऱ्या आडव्या येतात, कुठे बसायला बाक आहे, असं सगळं. वाट तपासायला चाकाची खुर्ची सोबत घेऊनच फिरतात. आमच्या ओट्यावर सरबत पिऊन त्यांनी निकाल दिला.

"किनारा छान आहे, सॅन्टनभाऊ. पण रेतीत खुर्ची रुतते. ज्येष्ठांच्या गैरसोयीचा, असंच लिहावं लागेल."

मी सावकाश बोलणारा माणूस. माझा राग तोंडापर्यंत पोचेस्तोवर समोरचा घरी जाऊन जेवलेला असतो. पण हा लगेच पोचला. याच रेतीवर मी चालायला शिकलो, आणि आता हा समुद्र माझ्याच गैरसोयीचा?

त्यात माझी बायको, लिडिया. गुडघे धरल्यापासून तीन वर्षं ती ओट्यावरूनच समुद्र बघते. (तिचा चहा मी करतो. वाईट होतो, पण करतो.) ती हळूच म्हणाली, "माज्या पायाला एकदा पानी लागलं असतं."

हे ऐकून कोण गप्प बसेल?

"बाई, अख्खी होडी आम्ही या रेतीवरून पाण्यात नेतो," मी म्हणालो. "होडीपुढे लिडिया काय?"

"होडी कुटं नि मी कुटं."

"तेच म्हणतो. तू हलकी."

"काल पलंगावरून उठवताना येगळंच बोलत होता."

शेजारच्या केनीच्या फळ्या आणल्या. उतारावर पाण्यापर्यंत एकापुढे एक टाकल्या. आणि त्यांना माशाचं तेल चोपडलं. फळी टाकली की तेल लावायचं, हे माझ्या हातांना सांगावं लागत नाही. (लावू नका, हे मात्र कुणीतरी सांगायला हवं होतं.)

लिडिया खुर्चीत बसली. मनोरमाबाईंनी मागून धरलं.

"घाबरू नका, लिडियाबाई. ब्रेक उत्तम आहेत."

ब्रेक खरंच उत्तम होते. चाकं जागच्या जागी थांबली. खुर्ची थांबली नाही.

सर्रर्र. मनोरमाबाईंच्या हातात मुठीचं रबर तेवढं राहिलं. मी अडवायला धावलो आणि स्वतःच्याच तेलावरून असा आपटलो की डावा गुडघा हललाच नाही. मग धप्प.

मान वर करून पाहिलं. लिडिया घोटाभर पाण्यात, खुर्चीत ताठ, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते तशी. एक लाट येऊन तिला मांडीपर्यंत भिजवून गेली. पण तिचे पाय पाण्यात हलत होते, पोरीसारखे. तेवढं पाहून मला फार बरं वाटलं.

मग ती उठली. कुणाचा हात न धरता. लुगडं पिळलं आणि ओल्या रेतीवरून वर यायला लागली.

"भाऊ, या तर चालतात," मनोरमाबाई म्हणाल्या.

"नाही चालत," मी संतापून म्हणालो. "तीन वर्षं नाही चालत."

"मग मी असं लिहिते. जाताना मदत लागते, येताना लागत नाही."

 मला उठता येईना.

"लिडिया, जरा हात दे," मी म्हणालो. "आणि घरी गेल्यावर चहा टाकशील?"

ती माझ्याजवळ आली. थांबली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तेलाच्या फळीकडे. मनोरमाबाई पाण्यातून खुर्ची ओढून माझ्याकडे आणत होत्या, तिकडेही पाहिलं. मग फळीला नीट वळसा घातला आणि चालत घराकडे निघून गेली.