हळदीची पहिली पंगत

"उद्या दुपारी माझं शेवाळ पिवळ्याचं निळं करून दाखवणार!" उत्तरानं जाहीर केलं आणि मालक भाऊरावांच्या हातातली चहाची बशी कलंडली! एरवी एम.एस्सी. झालेली ही बाई 'आग लागली' हेसुद्धा अशा सुरात सांगायची, की ऐकणाऱ्यानं आधी चहा संपवावा.

पण काम होतंच अभिमानाचं. मुलुंडच्या त्या छोट्या कारखान्यात औषधांच्या कच्च्या मालाला ब्रोमीन जोडत. ब्रोमीन म्हणजे तांबड्या धुराचा राक्षस! बाटलीचं बूच निघालं, की कामगार दत्तारामचे डोळे लेकीची पाठवणी केल्यासारखे वाहायचे. आणि गोराईच्या खडकांवरचं शेवाळ? तेच काम समुद्रात बसून गुपचूप करतं! त्याच्यातल्या एन्झाइमला ब्रोमाइडचं साधं मीठ आणि थोडं पेरॉक्साइड दिलं, की ते ब्रोमीन जोडून मोकळं. ना धूर, ना खोकला! उत्तरानं शेवाळ वाटून, गाळून ते एन्झाइम काढलं होतं.

"निळं झालं तर स्वतंत्र खोली आणि वर्षभर हेच काम," भाऊराव म्हणाले. "नाही झालं तर शेवाळ नाल्यात, आणि तुम्ही पुन्हा लेबलं चिकटवायला! औषध कंपनीचे नंदकुमार येतायत, उत्तराबाई. माझी अब्रू तुमच्या हातात."

दुसऱ्या दिवशी टेबलावर चंबू सजला. त्यात पिवळा रंग आणि मीठ. या रंगाला ब्रोमीन जोडलं गेलं, की तो निळा होतो. उत्तरा पाहुण्यांना आणायला दारापर्यंत जाऊन आली, एन्झाइम घातलं, पेरॉक्साइडचे थेंब सोडले आणि हात मागे बांधून उभी राहिली.

पिवळं.

"होईल हं," ती म्हणाली.

पिवळंच!

"जरा लाजतंय," भाऊराव घाम पुसत म्हणाले. "पाहुणे बघितले ना!"

"शेवाळ लाजतं?" नंदकुमारांनी विचारलं.

"गोराईचं आहे ना साहेब! शहरात पहिल्यांदाच आलंय."

उत्तरानं आणखी थेंब सोडले. पिवळं! उलट जरा जास्तच पिवळं! नंदकुमारांनी घड्याळ पाहिलं, पेन खिशाला लावलं. भाऊरावांनी उत्तराकडे असं पाहिलं, की तिला हाताला लेबलांचा डिंक लागल्यासारखंच वाटलं. तिनं पुन्हा बाटली उचलली आणि तेवढ्यात तिच्या काखेखालून एक हात अलगद चंबूकडे सरकला.

तिनं मनगटच धरलं. दत्ताराम! चिमटीत हळद!

"हे काय चाललंय?"

"पूजा, बाई," दत्ताराम खाली बघत म्हणाला. "नवा काम सुरू करताना हळद लावूक नको? तुमी दारार गेलास तेवा चंबूक भायरसून लावलंय. मगे म्हटलंय, काम आतच करूचा आसा मां? म्हणान आत पण टाकलंय. गुण येयना, म्हणान परत जरा..."

"परत? किती वेळा?"

"तुमी थेंब घातलास, काय मी चिमूट!"

"वाट लागली!" भाऊराव खुर्चीत कोसळले.

उत्तराचे डोळे मात्र चमकले. "नाही! अहो, काम चालूच आहे! ब्रोमीन दिसलं की हळद आधी गिळते. पहिल्या पंगतीला हळद बसलीय. तिचं आटोपल्याशिवाय रंगाला पान कसं मिळणार? दत्ताराम, हात खिशात!"

ती थेंब सोडत राहिली. हळदीची पंगत उठली. चंबूत हिरवट झाक आली, मग झाक गडद झाली, आणि बघता बघता सगळा चंबू निळाजांभळा!

"झकास!" नंदकुमार ओरडले. दत्तारामनं चंबूवर नाक नेऊन लांब श्वास घेतला. "बाई, डोळ्यात पाणी नाय!" उत्तराची मान तर अशी ताठ झाली, जणू तिनंच अरबी समुद्र निर्माण केला होता!

"खोली तुमची!" भाऊराव म्हणाले.

"आता सांगा," नंदकुमार म्हणाले, "एक पिंप माल करायला शेवाळ किती लागेल?"

उत्तरानं मनात हिशेब केला. पुन्हा केला.

"गोराई," ती म्हणाली.

"गोराईतलं किती?"

"सगळं."

भाऊराव पुन्हा खुर्चीत बसले.

"पण मार्ग आहे!" ती घाईनं म्हणाली. "शेवाळातलं जनुक काढून जंतूंमध्ये घालायचं. मग जंतूच टाकीत बसून एन्झाइम बनवतील. फक्त त्यांना ते शिकवावं लागेल."

"मग शिकवा की!" भाऊराव उठून उभे राहिले. "किती वेळ लागेल?"

"जंतू रात्रीतून शिकतील," उत्तरा चंबू पुसत पुटपुटली. "आधी मला शिकावं लागेल."