मागणी पुरी, गाणं खतम

आमचे शेजारी रज्जाकभाई गावाच्या मागण्यांची गाणी घेऊन चौकात उभे राहिले की पुढारी घाबरतात, आणि मागणी मान्य झाली की खुद्द रज्जाकभाई घाबरतात. कारण त्यांचा नियमच आहे, "मागणी पुरी, गाणं खतम!"

घाटंजीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. गिटारही स्वतःच तारा गुंडाळून विजेवर चालती केलेली, जोडीला डफ. नाली झाली, दवाखाना झाला, तसतसं एकेक गाणं बाद. हातपंपाचं गाणं इतकं झकास होतं, की मी एकदा म्हणालो, "पंप पुन्हा बिघडला तर बरं." ते असे भडकले! "भाऊ, लोकायनं पानी प्यावं का माह्यं गाणं?"

सगळ्यात गाजलं ते बसचं गाणं. त्यांची मोठी बहीण, आपा, दूरच्या खेड्यात राहते. गावाला बस नव्हती, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिला मोटरसायकलवर बसवेना. पांढरकवड्यापासून यवतमाळपर्यंत सगळ्यांनी ते गाणं ऐकलं, आपानंच तेवढं नाही. तिच्या घरी जाऊन ऐकवतील तर शपथ. "घरात गायलं त गाणं, चौकात गायलं त मागणी." अशा हट्टी माणसापुढे कोण बोलणार!

यंदा बस सुरू झाली. पहिल्याच फेरीला आपा घाटंजीच्या स्टँडवर उतरली. ही गर्दी जमलेली. आपा म्हणाली, "गा ना रे माह्यं गाणं."

रज्जाकभाईंचं तोंड उतरलं. "आपा, मागणी पुरी झाली. आता कायले गाऊ?"

मला तर त्यांचा रागच आला. आपानं शांतपणे कंडक्टरला विचारलं, "परतीची गाडी कवा हाये?"

परतीची नव्हतीच. बस तशीच पुढे पांढरकवड्याला जाणार होती.

"मंग मागणी अर्धीच झाली ना! गा!"

"तू वकील काहून नाही झाली, आपा?" म्हणत रज्जाकभाईंनी गिटार गळ्यात घातली आणि सातही कडवी गायली. आपा पदरानं डोळे पुसत होती. माझेही भरून आले, लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी मी उत्साहानं परतीच्या बससाठी अर्ज लिहून नेला. दुकानामागे ज्या खोलीत रज्जाकभाई एरवी एकटेच राहतात, तिथे आपा भाकरी थापत होती. रज्जाकभाईंनी अर्ज नीट वाचला, घडी घातली आणि माझ्याच खिशात ठेवला.

"राहू द्या, भाऊ," ते हळूच म्हणाले. "हे मागणी मले नाही करायची."