सव्वासहा किलोंचा संन्यास

श्रीधर गद्रे यांचा एक सिद्धांत होता आणि तो ऐकून घेतल्याशिवाय बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत कोणालाही जिना चढता येत नसे. "माणूस घाटात दमतो तो चढामुळे नव्हे," ते म्हणत. "सामानामुळे दमतो. आणि सामान वाढतं ते भिडेमुळे. ज्याला 'नको' म्हणता येतं त्याने सह्याद्री चढावा. बाकीच्यांनी सारसबागेत भेळ खावी."

गद्रे विमा कंपनीत नोकरीला. वय बावन्न. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जाड टायरांची, एकवीस गिअरची माउंटन बाइक घेतली आणि तेव्हापासून ते जमिनीवरून चालतानाही थोडे पुढे वाकून चालत. आता त्यांच्या सायकल गटाची पुणे ते गोवा मोहीम ठरत होती, फेब्रुवारीत, घाटाघाटांतून, जमेल तिथे कच्च्या रस्त्याने. त्यात आपलं नाव असावं या एका इच्छेपायी गद्रे सहा महिने रात्रीचा भात सोडून बसले होते.

पण नाव घालायचं की नाही हे ठरवणार होत्या सुनीतीताई. या गटाच्या प्रमुख, निवृत्त गणित शिक्षिका. त्यांनी एक परीक्षा ठेवली. भोरवरून वरंधा घाटाच्या माथ्यापर्यंत यायचं, स्वतःचं सामान स्वतःच्या सायकलवर लादून. शेवटच्या चढावर पाय जमिनीला टेकता कामा नये. सोबत तेवीस वस्तूंची यादी आणि खाली एक ओळ: 'सामान आपले, पाय आपले, कुरकुरही आपल्यापाशीच ठेवावी.'

गद्र्यांनी यादी देवघरापाशी चिकटवली. पंक्चरचं सामान, पंप, दोन जादा ट्यूब, पान्ह्यांचा संच, पावसाळी जाकीट, बॅटरी, प्रथमोपचार, मीठ-साखरेच्या पुड्या. प्रत्येक वस्तू त्यांनी ओट्यावरच्या काट्यावर तोलली. साबणाची वडी कापून तिची पाव वडी केली. टॉवेलचा अर्धा केला. मग त्यांनी करवत घेतली आणि टूथब्रशचा दांडा कापला.

"नऊ ग्रॅम वाचले," ते म्हणाले.

"छान झालं," श्यामलाबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "आता पोटाकडे वळा. तिथे किलोत वाचेल."

पिशव्या शिवल्या मैनुद्दीनने. भवानी पेठेत त्याचं रेक्झिनच्या कामाचं दुकान होतं. तो मोटारींची सीट कव्हरं शिवायचा आणि रविवारी गद्र्यांबरोबर सायकल चालवायचा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन आणि दांड्याखाली एक अशा तीन पिशव्या त्याने अशा बेतल्या की सायकल नवऱ्या मुलासारखी सजली. सगळं भरून एकूण वजन झालं सव्वासहा किलो. गद्र्यांचे डोळे पाणावले.

"तुझ्या पिशव्या कुठायत?" त्यांनी विचारलं.

"मी नाही शिवल्या," मैनुद्दीन म्हणाला. "मी तेवढं जाकिटात, खिशात, कमरेला बांधून नेतो. वीस वर्षं पिशव्या शिवतोय, श्रीधरराव. जागा दिसली की लोक भरतात."

गद्रे यावर मोठ्याने हसले. ते हसू मंगळवारपर्यंत टिकलं.

मंगळवारी त्यांनी आपला मार्ग नकाशासकट सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. बिबवेवाडी, कात्रज, कापूरहोळ, भोर, हिर्डोशी, वरंधा. हेतू एवढाच की लोकांनी वाहवा करावी. लोकांनी ती केलीही. आणि सहा वाजता खालच्या मजल्यावरच्या नीरजाकाकू एक भलामोठा स्टीलचा पुरी डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"कापूरहोळवरूनच चाललाय ना तुम्ही? मग एवढं मेतकूट आणि चटणी आमच्या मुलीकडे द्या. रस्त्यावरच घर आहे. वाट वाकडी करायला नको."

गद्र्यांनी 'नको' म्हणण्यासाठी तोंड उघडलं. मागच्याच महिन्यात काकूंनी त्यांच्या गुडघ्याला स्वतः तेल करून दिलं होतं. तोंडातून "द्या की" असं बाहेर पडलं.

बुधवारी मैनुद्दीनची बायको सकीना आली. तिची बहीण जैनब भोरला असते. "नानकटाई आहे, गद्रेभाऊ. हातचीच."

"अहो, पण मैनुद्दीन तिकडेच येतोय की."

"त्यांच्याकडे पिशवी कुठाय?" सकीना म्हणाली. गद्र्यांनी डबा ठेवून घेतला.

आणि गुरुवारी श्यामलाबाईंनी माळ्यावरून पितळी डबा काढला. हिर्डोशीत त्यांचे श्याममामा राहतात, वय ब्याऐंशी. त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू.

"अगं, पितळी?"

"आईचा आहे," बाई म्हणाल्या. संभाषण संपलं.

तीन डबे आत घालायचे तर काहीतरी बाहेर काढणं भाग होतं. पण गद्रे डगमगले नाहीत. त्यांनी कागद घेऊन मांडणी केली. कापूरहोळला एक डबा जाणार, भोरला दुसरा, हिर्डोशीला तिसरा. म्हणजे खरा चढ लागतो तिथे आपण पिसासारखे हलके! या आनंदात त्यांनी ट्यूब, जाकीट, बॅटरी यांसकट यादीतल्या बारा वस्तू घरीच ठेवल्या. मांडणीत चूक नव्हती. फक्त त्यांनी डब्यांचा विचार केला होता, डबे घेणाऱ्या घरांचा नाही.

शनिवारी पहाटे पाचला दोघे निघाले. कात्रजचा घाट छान गेला. डबे खुळखुळत होते, गद्रे सिद्धांत सांगत होते, मैनुद्दीन पुढे जाऊन ऐकू येणार नाही इतकं अंतर राखून होता.

कापूरहोळला नीरजाकाकूंची मुलगी अंगणातच उभी होती. तिने डबा घेतला, चहा पाजला, आत गेली आणि तोच डबा घेऊन बाहेर आली. डबा आता जड होता.

"हे काय?"

"पुरणपोळ्या. रिकामा डबा पाठवला तर आई काय म्हणेल मला? तुम्ही परत पुण्यालाच जाणार ना उद्या?"

गद्र्यांच्या चेहऱ्यावरचा रंग किंचित उतरला. रिकामा डबा परत पाठवायचा नाही! ही गोष्ट त्यांना जन्मापासून माहीत होती. त्यांच्या स्वतःच्या घरातून शेजाऱ्यांचा वाटी-डबा कधी निदान साखरेच्या चिमटीशिवाय परत गेला नव्हता. सव्वासहा किलो मोजताना नेमकी तीच विसरली.

भोरला जैनबने तर वाटच पाहून ठेवली होती. सकीनाचा डबा तिने तांदळाने भरला. मग तिला तो लहान वाटला. "आंबेमोहोर आहे, घरचा. डब्यात मावतोय किती?" म्हणून तिने चार किलोंची वेगळी पिशवी बांधली. मैनुद्दीन अंगणातल्या बाजेवर पाय पसरून सरबत पीत होता.

"यातला थोडा तू घे," गद्रे कळवळून म्हणाले.

मैनुद्दीनने आपले दोन्ही फुगलेले खिसे थोपटून दाखवले.

हिर्डोशीला श्याममामांनी लाडवाचा पितळी डबा रिकामा केला आणि त्यात काठोकाठ तूप भरलं. गद्र्यांनी झाकण घट्ट लावलं. त्यांना वाटलं, आता यापुढे काय होणार. मामा काठी टेकत परसात गेले आणि लाल भोपळा घेऊन आले. साधा भोपळा नव्हे. मामांना तो दोन्ही हातांनी उचलावा लागला.

"श्यामलाला आवडतो," मामा म्हणाले. भाचीच्या आठवणीने म्हाताऱ्याने भोपळ्यावरून हात फिरवला. अशा वेळी कोण 'नको' म्हणेल? भोपळा सुतळीने हँडलला टांगला. सायकल एका बाजूला कलली आणि तशीच राहिली.

शेवटचा चढ सुरू झाला. मैनुद्दीन दिसेनासा झाला. गद्र्यांनी सर्वांत हलका गिअर टाकला आणि सर्वांत जड सायकल ओढायला लागले. पाय टेकायचा नव्हता आणि टेकवून चाललंही नसतं, कारण एकदा थांबली असती तर ती सायकल पुन्हा बैलांनीच हलली असती. घाम डोळ्यांत जात होता. सहा महिन्यांचा भात आठवत होता. गोव्याची यादी डोळ्यांपुढे येत होती आणि तिच्यात ख नंतर थेट घ लागत होता.

एवढ्यात मागून एक म्हातारी आली. चालत. आणि त्यांच्या बरोबरीने चालू लागली.

"काय इकायला चाललाय, पाव्हणं?"

"काही नाही," गद्रे धापा टाकत म्हणाले.

"मग भांडी वाजत्यात ती? पातेलं हाय का एखादं?"

"नाही. डबे आहेत. दुसऱ्यांचे."

"आन भोपळा?"

"तोही... दुसऱ्यांचा."

म्हातारीने त्यांच्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं. तिचं नाव सरुबाई. ती माथ्यावर वाघजाईच्या देवळाला निघाली होती. तिने डोक्यावरची पिशवी उतरवली. "वर देवळापाशीच चाललाय न्हवं? मग एवढं घ्या की. नारळ हाय, ऊद हाय." आणि चालत्या सायकलच्या कॅरिअरवर, डब्यांच्या वर, तिने पिशवी ठेवून दिली. पडू नये म्हणून वर आपला हात ठेवला.

पुढची वीस मिनिटं सरुबाईचा हात कॅरिअरवर होता. ती सायकल ढकलत होती की सायकल तिला ओढत होती, हे गद्र्यांना कळलं नाही. त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही. काही गोष्टी माहीत नसलेल्याच बऱ्या.

माथ्यावर सुनीतीताई वही घेऊन उभ्या होत्या. बाकीचे नऊजण दगडांवर बसले होते, कारण वरचं हॉटेल बंद होतं आणि सकाळपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं. भोपळा आधी दिसला, मग गद्रे दिसले.

"पाय टेकला?" सुनीतीताईंनी विचारलं.

"नाही," गद्रे म्हणाले आणि आडवे झाले.

"टेकतोय कशाचा," सरुबाई पिशवी उचलत म्हणाली. "म्या धरलं हुतं न्हवं."

गद्र्यांनी पडल्या पडल्या डोळे मिटून घेतले. सुनीतीताईंनी चष्मा वर केला. "धरलं म्हणजे ढकललं का, आजी?"

"मी कशाला ढकलू? माझा नारळ पडला असता." आणि सरुबाई देवळाकडे निघून गेली.

सुनीतीताईंनी पिशव्या उघडायला लावल्या. यादीतल्या तेवीसपैकी अकरा वस्तू निघाल्या. "ट्यूब नाहीत. जाकीट नाही. बॅटरी नाही. टूथब्रश अर्धा आहे," त्या लिहीत गेल्या. मग त्यांनी पुरी डबा उघडला. मग पितळी. नऊ माणसं उठून उभी राहिली.

पुढचा अर्धा तास खाण्यातच गेला. पुरणपोळ्यांवर तुपाची धार पडत होती. मैनुद्दीनने पाच खाल्ल्या. सुनीतीताईंनी तीन खाल्ल्या, रुमालाला हात पुसले आणि सोबत आणलेला काटा लावून सायकलवरचं उरलेलं सामान तोललं.

"पोळ्या खाऊनही चौदा किलो," त्या म्हणाल्या. "यादी पाहिली तर तुम्हाला इथूनच परत पाठवायला हवं, गद्रे. पण एवढं ओझं घेऊन हा चढ आमच्या गटात कोणी चढलेलं नाही." त्यांनी वहीत पाहिलं, थोडा वेळ घेतला आणि लिहिलं. "गोव्याच्या यादीत नाव घातलंय."

गद्रे उठून बसले. वाकून वहीतलं आपलं नाव दोनदा वाचलं. मैनुद्दीनने त्यांच्या पाठीवर थाप मारली. बावन्नाव्या वर्षी कोणी आपलं नाव यादीत घालणं ही काय चीज असते, ते पंचविशीतल्यांना कळायचं नाही.

सुनीतीताईंनी वही मिटली, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला.

"आपण आंबोलीवरून उतरणार आहोत. खाली सावंतवाडीत माझी मावशी असते. रस्त्यावरच घर आहे. तिला एक लहानसा डबा द्यायचा होता. मी नेला असता, पण सामानाचे नियम मीच केलेत. मला ते पाळावे लागतात."

गद्र्यांनी एकदा मैनुद्दीनकडे पाहिलं. तो दुसरीकडे पाहत होता.

"देईन की," गद्रे म्हणाले. मग जरा घुटमळत त्यांनी विचारलं, "मावशी साधारण... डब्यात काय भरून देतात परत?"

"डब्यात काही नाही देत हो ती," सुनीतीताई म्हणाल्या. "डबा तसाच देते. बरोबर शहाळी देते."