डावा डोळा, जडसंग्रह क्रमांक ४१७

श्री. सुदाम विष्णू ठोसर हे दिनांक ३१ मे १९९१ रोजी वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण करून शासकीय सेवेतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचा डावा डोळा मिटलेला होता. दोनच दिवसांपूर्वी पनवेलच्या एका खासगी दवाखान्यात त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. निरोपाची शाल आणि नारळ कचेरीतल्या मंडळींनी खाटेवरच आणून दिला. पट्टी सुटली तीन जूनला. डॉक्टर म्हणाले, "भिंग झकास बसलंय. सहा महिन्यांत उजवाही उरकून टाका."

उजव्या डोळ्याचे पैसे डाव्या डोळ्याच्या परताव्यातून यायचे होते. चार हजार एकशे वीस रुपये. ठोसरांना त्याची काळजी नव्हती. वैद्यकीय बिलांच्या टेबलावर त्यांनी एकोणीस वर्षे काढली होती आणि त्या काळात एकही बिल पहिल्या फेरीत सुटू दिले नव्हते. त्यांनी तीन प्रतींत दावा तयार केला, त्यांच्या जागी बसलेल्या रमेश भोईरच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "घे. यात त्रुटी काढून दाखव."

रमेशने पंधरा दिवसांत काढली.

"भाऊसाहेब, डोळा सेवेत असताना मिटला, हे मान्य. पण उघडला कधी?"

"तीन जूनला."

"म्हणजे निवृत्तीनंतर. मग उपचाराचा लाभ कोणी घेतला? कर्मचाऱ्याने की निवृत्ताने?"

"अरे, डोळा एकच आहे ना!"

"डोळा एक आहे, पण लेखाशीर्षं दोन आहेत."

ठोसरांना खरे तर राग यायला हवा होता. पण मुद्दा बिनतोड होता. आपण तयार केलेला पोरगा किती पुढे गेला, असे वाटून त्यांचा ऊर भरून आला. घरी येऊन त्यांनी पत्नीला सगळे रंगवून सांगितले.

"शिष्याचं कौतुक नंतर करा," शशिकलाबाई म्हणाल्या. "काल पायरी समजून गटारात पाय टाकलात. आज चहा कपाच्या शेजारी ओतलात. एका डोळ्याने तुम्हाला अंतर कळत नाही, अहो! उद्या हायवे ओलांडताना काय करणार आहात?"

दुसऱ्याच दिवशी ठोसरांनी डॉक्टरांकडून दाखला आणला: 'सदर रुग्णाचा डोळा पट्टीखालीही संपूर्ण काळ कार्यक्षम होता, फक्त उजेड नव्हता.' हा दाखला घेऊन प्रकरण अलिबागला जिल्हा कचेरीत गेले. चार महिन्यांनी ते परत आले, तेव्हा समासात तांबड्या शाईने लिहिले होते: 'डोळ्यात बसविलेले भिंग ही टिकाऊ वस्तू असून तिची जडसंग्रह नोंदवहीत नोंद घेतल्याचे दिसून येत नाही. खुलासा व्हावा.'

"बरोबर आहे," रमेश म्हणाला. "सरकारी पैशाने खुर्ची घेतली की तिला नंबर पडतो. भिंग काय, खुर्ची काय. पैसे सरकारचे तर भिंग सरकारचं."

"मग घाल की नंबर!"

"घातला असता. पण निवृत्त होताना ताब्यातल्या सगळ्या सरकारी वस्तू जमा कराव्या लागतात. तुम्ही छत्री जमा केलीत, शिक्का जमा केलात. भिंग जमा केलं नाहीत."

ठोसर हळूच म्हणाले, "काढून देऊ?"

रमेशने नियमांचे पुस्तक चाळले. त्याचा चेहरा खरोखर पडला. "काढण्याचा खर्च मंजूर होणार नाही, भाऊसाहेब."

त्या दिवशी ठोसर चालत घरी निघाले आणि कोपऱ्यावर एका उभ्या रिक्षाला धडकले. गुडघा फुटला. शशिकलाबाईंनी हळद लावली, पण एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचे ते गप्प राहणे ठोसरांना गुडघ्यापेक्षा जास्त लागले. त्यांनी पाट ओढला, कोरा कागद घेतला आणि आयुष्यातली सर्वोत्तम टिप्पणी लिहिली. भिंग शासनाच्याच मालकीचे राहावे. ते अर्जदाराच्या डोळ्यात केवळ सांभाळण्यासाठी ठेवण्यात यावे. अर्जदाराने दर मार्चमध्ये भिंगासह हजर राहून प्रत्यक्ष पडताळणी करून द्यावी. आणि अर्जदाराच्या निधनानंतर वारसांनी ते सुस्थितीत परत करावे.

ही टिप्पणी अलिबागला इतकी आवडली, की तिच्या प्रती इतर कचेऱ्यांना मार्गदर्शनासाठी पाठवण्यात आल्या.

भिंगाला ४१७ क्रमांक मिळाला. ४१६ हे लोखंडी कपाट होते आणि ४१८ हे बंद पडलेले घड्याळ. क्रमांक वस्तूवर ठळक रंगवणे बंधनकारक असल्यामुळे रमेश तांबड्या रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन पुढे सरसावला. बऱ्याच वाटाघाटींनंतर क्रमांक ठोसरांच्या चष्म्याच्या डाव्या काडीवर रंगवण्यात आला. मग पैसे आले. दाव्यापासून अठरा महिने लागले. जानेवारीत ठोसरांनी उजवा डोळा करून घेतला आणि त्याचे बिल त्याच दिवशी शशिकलाबाईंनी चुलीत घातले.

मार्चमध्ये ठोसर इस्त्रीचा सदरा घालून पडताळणीला गेले आणि अभिलेख खोलीत कपाट आणि घड्याळ यांच्या मधोमध उभे राहिले. रमेशने त्यांच्या डोळ्यात विजेरी मारली आणि शेरा लिहिला: 'वस्तू जागेवर. चालू स्थितीत.' त्या खोलीत असा शेरा मिळालेली ती एकमेव वस्तू होती. ठोसर प्रसन्न होऊन बाहेर आले.

बाहेर पायरीवर हौसा बसली होती. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतली ही बाई कचेरीत बावीस वर्षे झाडू मारून नुकतीच निवृत्त झाली होती. ठोसरांना पाहून ती उठली.

"सायेब, तुमचं झालं ना? आता आमचं पन बगा. मी कामावर व्हते तवाच आमच्या नवऱ्याला, दादूला, साप चावला. सरकारी डाक्तर जाग्यावर नाय, म्हून खासगीत नेला. हातातली कडी मोडली, पन मानूस वाचला. भोईरसायेब बोलतात कागूद बरोबर नाय. तुमी लिवून द्या. तुमी सोसलंय, तुमाला ठावं हाय."

ठोसरांना गलबलून आले. अठरा महिने त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. ते तिच्या शेजारी पायरीवर बसले, तिचा चुरगळलेला कागद त्यांनी मांडीवर सपाट केला आणि खिशातून पेन काढले. आता दोन्ही डोळ्यांनी त्यांना अगदी पूर्वीसारखे दिसत होते. पुसट शिक्कासुद्धा दिसत होता.

पेन थबकले.

"हौसा, साप कोणता, ते यात कुठेच नाही."

"त्यानं नाव नाय सांगितलं, सायेब."

"विषारी होता की बिनविषारी? बिनविषारी असेल तर सगळा खर्च अनावश्यक ठरतो."

"दादू तीन दिस सुदीवर नव्हता."

"ते लक्षण झालं. पुरावा नव्हे," ठोसर मायेने म्हणाले आणि कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो तिला परत दिला. "तेवढी माहिती काढून आण. मग लिहून देतो."

हौसाने कागद पदरात बांधला आणि ती एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.

ठोसरांवर रागावू नका. खरे सांगा, हौसा सांगत होती तेव्हा 'पण साप कोणता?' असे तुमच्याही मनात आलेच होते.