मोजेरावांची गच्चीवरील मोहीम

"काका, हा तुमचा गेम तुम्ही स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा तरी खेळलाय का?"

ऐसा सवाल भर दरबारी, खुद्द गेमकर्त्याचे तोंडावर, राजमान्य राजेश्री चिकटपट्टीबाई, इयत्ता नववी, तुकडी ब, यांणी पुसिला. आणि तो पुसिला म्हणोन पुढे गच्चीचा किल्ला फत्ते जाहला, भित्तिपत्रकाचा मुलूख हातचा गेला नाही, आणि घरातील दोन थोर सत्तांस तहाचे बोलणे ऐकावे लागले. त्यास, हे वर्तमान पुढील पिढ्यांस, विशेषेकरून पाचवी-सहावीच्या बालकांस, यथास्थित कळावे या हेतूने जैसे घडले तैसे, पदरचे फारसे न घालता, लिहिले आहे. वाचणाराने मोबाईल उपडा ठेवून चित्त द्यावे.

बाईंचे जन्मनाव निराळे. परंतु एकदा एखाद्या गोष्टीस लागल्या की सुटत नाहीत, म्हणोन वर्गाने हा किताब बहाल केला. गेल्या साली बाई तो ऐकोन रडवेल्या होत. यंदापासून त्याच नावाने सही करू लागल्या, आणि मग चिडविणारांची मजाच गेली.

शाळेच्या जिन्यापाशी भित्तिपत्रक, त्याचे उजवे अंगास खाली एक कोपरा, चार तळहातांएवढाही नव्हे, तो बाईंनी गेमच्या परीक्षणाकरितां मोठ्या खटपटीने मागून घेतला होता. भित्तिपत्रकाच्या सर्वाधिकारी संपादकताई, इयत्ता दहावी, बहुत करड्या. त्यांचा हुकूम सुटला की, गेमचा शेवट पाहिल्यावाचून परीक्षण लिहू नये, आणि सोमवारी सकाळी मजकूर हाती न आल्यास सदरहू कोपरा खालसा करोन 'पाणी वाचवा' या घोषवाक्यांस कायमचा लावून द्यावा. बाईंस पाण्याशी वैर नव्हते. परंतु आयुष्यातील पहिली जहागीर नळाच्या चित्राखाली जावी, हे कोणास सोसवेल?

आणि गेम तरी कोणता निवडावा? अवघी शाळा ज्या नामांकित गेमांच्या नावे जप करिते, ते सोडून बाईंनी 'एकटा मोजा' निवडला. हा गेम एका गृहस्थाने एकट्याने रचिला. गृहस्थ दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासीत, संध्याकाळी मोजा उडवीत. बाई त्यांस मोजाकार म्हणत. गेमचा नायक निळा मोजा, दोरीवरून पडलेला, टाचेस भोक, तोच त्याचा डोळा. त्याने कपाटाच्या खणांवरून, इस्त्रीच्या टेबलावरून, बादलीतून, दोऱ्यांवरून उड्या मारीत आपल्या हरवल्या जोडीदाराचा शोध करावा, इतकीच कथा. शत्रू म्हणजे लाकडी चिमटे, कटकट वाजत चावावयास येतात. संगीत मोजाकारांनी स्वतः तोंडाने गुणगुणोन भरिले, मध्ये एके ठिकाणी त्यांची शिंकही आहे, ती त्यांणी काढिली नाही. बाई त्या शिंकेवर फिदा जाहल्या, आणि नायकास मोजेराव ऐसी पदवी देऊन मोहिमेस निघाल्या.

सात लेव्हली सपासप सर केल्या. सातवी बादलीची, तेथे मोजेराव पाण्यात बुडोन ओलेचिंब बाहेर आले आणि थेट आठव्या लेव्हलीत, गच्चीवर, उभे राहिले. समोर पहिली दोरी. मोजेरावांनी उडी घेतली. पाण्याने जड जाहलेले, अर्ध्यावरूनच खाली आले. पुन्हा उडी, पुन्हा खाली. बाईंनी डावीकडून हल्ला केला, उजवीकडून केला, पळत येऊन केला, चिमट्याच्या डोक्यावर पाय देऊन केला. आंगठे सुजले, कंट्रोलर घामाने निसरडा जाहला, आणि मोजेराव गच्चीच्या फरशीवर थपकन आपटत राहिले. गेमच्या पानावर इतर वीरांचे अभिप्राय पाहिले, तो सर्वांची लढाई येथेच संपलेली. कोणी लिहिले, फार कठीण. कोणी लिहिले, माझ्याच्याने होत नाही, माफ करा.

बाईंच्या दोन सरदारणी, लंबू आणि खोडरबर. लंबू उंच म्हणोन लंबू. आणि खोडरबर ही कोणी काही म्हटले की ते खोडून काढी. शनिवारी संध्याकाळी मोजाकार आपला गेम थेट प्रक्षेपणात खेळून दाखवीत असत. दरबारात प्रजा एकंदर पाच, पैकी तीन बाईंच्याच सोफ्यावर, तीन मोबाईल घेऊन बसलेल्या.

"तूच विचार ना त्याला," खोडरबर म्हणाली. "एवढं कौतुक करतेस, तर विचार की, स्वतः कधी पूर्ण खेळलाय का."

"असं कसं विचारू? त्यांना वाईट वाटेल."

"घाबरली! लंबू, बघ, घाबरली."

"कोण घाबरलंय?" ऐसे म्हणोन बाईंनी सवाल लिहिला आणि पाठविला.

तिकडे मोजाकारांनी तो मोठ्याने वाचिला. मग ते हसले. "खरं सांगू का बाळ? नाही."

आणि मग त्यांणी कबूल केले की, आपणांपाशी एक गुप्त बटण आहे. ते दाबिले की मोजा हव्या त्या लेव्हलीच्या दारात उतरतो, त्यामुळे एकेक लेव्हल शंभरदा तपासली, परंतु ओळीने कधी गेलोच नाही. बाईंनी लागलीच दुसरा सवाल केला: मग तुमचा मोजा गच्चीवर उतरतो तो कोरडा, की ओला?

"कोरडा," मोजाकार म्हणाले. मग कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "अरे देवा! तुम्ही सगळे ओले येताय!"

येणेप्रमाणे गच्चीवर इतके वीर पडले ते त्यांच्या कसुराने नव्हे, हे उघड जाहले. मोजाकारांनी सर्वांची क्षमा मागोन, दुकानाला सुट्टी मिळताच दुरुस्ती करितो ऐसे वचन दिले. परंतु सुट्टी पंधरवड्याने, आणि सोमवार परवावर.

"चला, गेमच मोडका निघाला," लंबू म्हणाली. "आता पाणी वाचवा."

खोडरबरने निराळी मसलत सांगितली. "अगं लिहून टाक ना, जोडी मिळाली, दोघं मिठी मारतात, समाप्त. कोण बघायला जातंय? तिथपर्यंत कोणी पोचलेलंच नाही!"

बाईंनी क्षणभर विचार केला, हे बखरकारास लपविता येत नाही. मसलत सोपी होती, आणि पकडले जाण्याचे भय शून्य. परंतु मग बाई म्हणाल्या, "आणि त्या काकांनी वाचलं तर? त्यांना तर माहितीय ना शेवट काय आहे. तो एकच माणूस आहे, आणि त्यालाच मी फसवू?"

यावर खोडरबरने आपली मसलत आपणच खोडिली.

रविवारी बाई पुन्हा गच्चीवर चढल्या. होत नाही हे ठाऊक असोन चढल्या, म्हणोनच त्यांस चिकटपट्टी म्हणतात. युद्धास तोंड लागले, तो मुदपाकखान्याकडून मातोश्रींचे फर्मान आले की, मशीन थांबून अर्धा तास जाहला, कपडे आंबतील, ते वाळत घालावे.

"आई, थांब ना, लढाई चालू आहे!"

"लढाईला म्हणावं, कपडे घालून येते. आणि झटकून घाल, कालच्यासारखे बोळे नकोत."

"दोन मिनिटं!"

"तुझी दोन मिनिटं मला माहीत आहेत. ऊठ."

या तोफेपुढे कोणाचा टिकाव? बाईंनी कंट्रोलर सोफ्यावर फेकिला, गेम थांबवावयाचेही भान राहिले नाही, आणि पाय आपटीत बाल्कनीत गेल्या. तेथे चादरी झटकल्या, टॉवेल झटकले, पिताश्रींचे बिनजोडीचे मोजे लाविले, प्रत्येक चिमट्यास मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि परतल्या. पाहातात तो काय! गच्चीच्या कोपऱ्यात, चिमटे पोचत नव्हते तेथे, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात, मोजेराव जैसे सोडिले तैसे उभे. परंतु अंगचे पाणी ठिबकत नव्हते. रंग फिकट निळा, ताठ, कडकडीत वाळलेले!

बाईंनी कंट्रोलर उचलोन बटण दाबिले. मोजेराव उडाले. पहिली दोरी मागे पडली, दुसरी पडली, चिमटे खालीच कटकटत राहिले.

"वाळला!" ऐसी आरोळी उठली की मातोश्री पळीसकट धावत आल्या.

"इतक्यात कुठे वाळतील? आत्ता तर घातलेस."

"कपडे नाही गं, मोजेराव! बस इथे, बस. हलू नको."

आणि मग मातोश्री पळी हाती घेऊन सोफ्याच्या काठावर बसल्या, पिताश्री काय जळते म्हणोन पाहावयास आले ते उभेच राहिले, आणि उभयतांच्या देखत शेवटची लेव्हल, कपडे धुण्याचे मशीन, गरागरा फिरणारा तो काळ, बाईंनी एकदाही न पडता जेर केला. पुढे जोडीदार भेटला की नाही, भेटला तर कोणत्या रूपे, हे येथे लिहीत नाही. ज्यास जाणावयाचे त्याने गेम विकत घेऊन स्वतः वाळावे. इतकेच लिहितो की मातोश्रींनी पळीच्या हाताने डोळे पुसले, आणि गॅसवरील पातेले करपले.

बाईंनी हे वर्तमान गेमच्या पानावर सर्वांदेखत लिहिले. मोजाकारांस खरे वाटेना. "तिथे वाळतो?" मग शोध करून कळविले की, दुसऱ्या लेव्हलीतील खिडकीच्या उन्हासाठी तो नियम आपणच कधीकाळी घातला होता, तो सर्वत्र लागू राहिला, आणि आपण साफ विसरलो. आणखी लिहिले की, पुढचा गेम तयार होत आहे. तो बाहेर येण्याआधी कोणी ओळीने खेळून पाहील काय, कारण गुप्त बटणाची सवय आता आपल्याच्याने सुटत नाही.

सोमवारी कोपऱ्यावर परीक्षण झळकले. त्यात काही झाकिले नाही: की विजय पराक्रमाने नव्हे, कपडे वाळत घालावयास गेल्याने मिळाला, की गच्चीवर उन्हात स्वस्थ उभे राहावे हे गेम कोठेच सांगत नाही, हा दोष आहे, की शिंक अवश्य ऐकावी. गुण पाचपैकी चार मोजे, पाचवा अजून ओला. संपादकताईंनी ते दोनदा वाचिले, आणि 'पुढचं कधी देतेस?' इतकेच बोलिल्या, जे त्यांच्या तोंडून पदक समजावे. मधल्या सुट्टीत जिन्यावर ऐसी गर्दी की शिपाईकाकांस वाट करावी लागली, आणि खोडरबर सर्वांस सांगत होती की सवाल आपणच सुचविला, जे खरेच होते.

येणेप्रमाणे गच्चीचा किल्ला फत्ते जाहला, कोपऱ्याचा मुलूख कायम राहिला, 'पाणी वाचवा' माघार घेऊन नळापाशी गेले, याची नोंद येथे करण्यात येत आहे.

त्याच संध्याकाळी पिताश्री सुट्टीतील गणिताच्या वर्गाची चौकशी करोन आले, आणि जेवताना म्हणाले, "सकाळचा घेऊ की दुपारचा?"

बाईंनी ताट पुढे सरकविले, पाठ ताठ केली, आणि उभयतांस उद्देशून बोलिल्या:

"आई, बाबा, कुठलाच नको. सुट्टीत मी मोजाकारकाकांचा नवा गेम तपासणार आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, बटण न दाबता. कोण अडकेल, कुठे अडकेल, सगळं मी त्यांना कळवणार. त्यांच्याशी तुम्हाला बोलायचं असेल तर खुशाल बोला. पण मी ठरवलंय."